पाठीत यंत्र बसवू का? आधी ते सात दिवस नीट जगा

पत्र

मी ५२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गाव कराड तालुक्यात. सात वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली म्हणून ऑपरेशन झालं. चार वर्षांपूर्वी दुसरं झालं, त्यात स्क्रू टाकले. कंबर आता सहन होते, पण डाव्या पायाची आग जात नाही. मांडीच्या मागून पोटरीतून अंगठ्यापर्यंत कुणी तापलेली सळई फिरवावी तसं होतं. रात्री पांघरूण पायाला लागलेलंसुद्धा सोसत नाही. प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन आणि ट्रामाडॉल चालू आहेत, त्यामुळे वर्गात डुलक्या येतात. पाठीत तीनदा इंजेक्शनं घेतली, दरवेळी दोन-एक महिने बरं वाटलं. आता पुण्याच्या पेन क्लिनिकमधले डॉक्टर म्हणतात की मणक्यात तारा घालू आणि कातडीखाली बॅटरी बसवू. त्याआधी त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्याचं फार वाईट वाटलं. खर्च काही लाखांत आहे. यजमान म्हणतात, अर्धा एकर विकू. मुलगा म्हणतो, लगेच करून टाक. सासूबाई म्हणतात, आणखी किती चिरफाड करून घेणार? माझी एकच इच्छा आहे, एकदा तरी माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चालायचं. यंत्र बसवू का? दुखणं जाईल का?

उत्तर

बाई,

तुमच्या वर्गातली मुलं तुम्हाला बाई म्हणत असतील, मीही तेच म्हणते. मी पेशानं भूलतज्ज्ञ. नोकरीची बरीच वर्षं पेन क्लिनिकमध्ये गेली. ही यंत्रं, म्हणजे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, बसवताना मी टेबलाशी उभी होते आणि त्यातली काही काढतानाही होते. दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहिते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: कंबर सहन होते, पण पायाची आग जात नाही. निम्मं उत्तर त्यातच आहे. एक दुखणं असतं हाडा-स्नायूंचं. उठताबसता ते कुरकुरतं, आडवं झालं की हलकं होतं. दुसरं असतं नसेचं. वर्षानुवर्षं दाबलेली नस ऑपरेशननं मोकळी केली तरी कधीकधी ती पहिल्यासारखी होत नाही. दाब गेलेला असतो आणि तरी ती आग, करंट, मुंग्या पाठवतच राहते. पांघरुणाचा स्पर्श न सोसणं हे तिचं अगदी ओळखीचं लक्षण. मणक्यातलं यंत्र उपयोगी पडतं ते या दुसऱ्या दुखण्यात, त्यातही कंबरेपेक्षा पायाच्या दुखण्यात जास्त. तुमची नुसती कंबर दुखत असती तर मी सरळ नको म्हटलं असतं. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेनं कंबरदुखीसाठी या यंत्रावर झालेले अभ्यास एकत्र तपासले. सहा महिन्यांनंतर ते बनावट उपचारापेक्षा बहुधा सरस ठरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तुमचं दुखणं मात्र पायातलं आहे, ऑपरेशननंतर उरलेलं आहे आणि नसेचं आहे. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सुचवलं ते वावगं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दुखणं जाईल का? नाही, पूर्ण जाणार नाही. दुखणं निम्म्यावर आलं तर आम्ही डॉक्टर त्याला यश म्हणतो. तुमची रात्रीची आग दहापैकी आठ असेल तर ती चारवर येणं म्हणजे यश. हे वाचून तुमचा चेहरा पडला असेल. पण चार म्हणजे झोप लागणं, ट्रामाडॉल कमी होणं, वर्ग जागेपणी घेता येणं. चारमध्ये आयुष्य बसतं, आठमध्ये बसत नाही. हा फरक घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलाला, आधीच समजावून सांगा. "यंत्र बसवलं तरी आईचं दुखतंच आहे" हे वाक्य पुढे ऐकावं लागलं की फार लागतं.

ठेच लागली की आपण न सांगता अंगठा चोळतो आणि चोळलं की बरं वाटतं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी त्याचं कारण मांडलं. मज्जारज्जूत जणू एक दार असतं. स्पर्शाचा संदेश तिथं आला की दुखण्याच्या संदेशाला वाट अपुरी पडते. दोनच वर्षांनी अमेरिकेत नॉर्मन शीली या न्यूरोसर्जननं कर्करोगाच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर बारीक विद्युतप्रवाह सोडून पाहिला. तुम्हाला सुचवलंय ते यंत्र त्याच घराण्यातलं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, पाठीच्या मधल्या भागात, दोन बारीक तारा सरकवतात. तुमचा त्रास पायात आहे, पण त्याची तार पाठीत असते. काही यंत्रांत पायाला गोड मुंग्या जाणवतात. सेकंदाला १०,००० ठोके देणारी यंत्रं आहेत, त्यांत काहीच जाणवत नाही. कोणतंही घेतलं तरी बिघडलेली नस त्यानं दुरुस्त होत नाही. यंत्र बंद केलं की आग परत येते.

अभ्यास काय सांगतात हेही ऐका, आणि दोन्ही बाजूंचे ऐका. ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेल्या १०० लोकांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांचं पायाचं दुखणं निम्म्यानं तरी उतरलं होतं. नुसत्या औषधोपचारावर असलेल्यांत असे ९ टक्केच होते. वर्षभरात यंत्रवाल्यांपैकी ३२ टक्क्यांना यंत्रापायी काही ना काही त्रासही झाला. तार सरकली, जंतुसंसर्ग झाला, बॅटरीची जागा दुखली, असले. मग २०२२ मध्ये नॉर्वेतला एक अभ्यास आला. तिथल्या ५० जणांना यंत्र बसवलं आणि त्यांना कळू न देता ते काही महिने चालू, काही महिने बंद ठेवलं. त्यांची रोजची कामं किती सुधारली यात चालू आणि बंद यांच्यात म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही. यंत्राची ती एक विशिष्ट पद्धत होती, सगळ्यांना तो निकाल लागू करता येत नाही. पण मला त्यातली एक गोष्ट बोचते. ही सगळी माणसं आधीच्या चाचणीत पास झालेली होती.

चाचणीला आम्ही ट्रायल म्हणतो. पक्कं यंत्र बसवण्याआधी सुईवाटे तारा आत सरकवतात. त्यांची बाहेरची टोकं पाठीवर चिकटवतात आणि बॅटरी कंबरेच्या पट्ट्याला लावतात. साधारण पाच ते सात दिवस असं राहायचं. मग तारा ओढून काढतात. त्याला टाकाही लागत नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेला सल्ला देणारी नाइस ही संस्था २००८ पासून सांगते आहे की ट्रायल यशस्वी झाल्याशिवाय पक्कं यंत्र बसवू नये. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र पाठवून हेच बजावलं. तुमच्या डॉक्टरांनी ट्रायलचं नाव काढलं नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा. ट्रायल न करता थेट पक्कं बसवू म्हणाले, तर तिथून उठा.

पण ट्रायल म्हणजे काही गणिताचा पेपर नाही. त्यात आशा मिसळते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गृहस्थांची ट्रायल चालू होती. तिसऱ्या दिवशी मी राउंडला गेले. खोलीत त्यांचा मुलगा होता, सून होती, यंत्राच्या कंपनीचा माणूस होता. मी विचारलं, "काका, किती टक्के बरं?" म्हणाले, "सत्तर टक्के, डॉक्टर." आम्ही सगळे खूश. पक्कं यंत्र बसलं. चार महिन्यांनी ते एकटेच आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "तेव्हा इतकं नव्हतं हो बरं. पण तुम्ही सगळे इतक्या आशेनं बघत होता." ते खोटं बोलले नव्हते. मुलानं कर्ज काढलेलं, डॉक्टर हसतमुखानं समोर उभी, अशा खोलीत सत्तरच टक्के तोंडातून येतात. चूक माझी होती. मी टक्के विचारले. काल रात्री किती वेळा उठलात, हे विचारलं नाही.

म्हणून बाई, माझं सांगणं असं की ट्रायल जरूर करा, पण ती स्वतःसाठी करा. आज एक वही घ्या. ट्रायलच्या दोन आठवडे आधीपासून रोज चार ओळी लिहा. रात्री आगीनं किती वेळा जाग आली. किती मिनिटं सलग बसवलं. घरापासून कुठपर्यंत चालत गेलात, वेशीपर्यंत की मारुतीच्या देवळापर्यंत. गोळ्या किती घेतल्या. टक्के लिहू नका. मग ट्रायलच्या दिवसांत तीच वही, तेच चार प्रश्न. ट्रायल बसवल्यावर हॉस्पिटलच्या कॉटवर आठवडा काढू नका, डॉक्टर परवानगी देतील तितकं घरचं आयुष्य जगा. पुण्यात नातेवाइकांकडे राहावं लागलं तरी संध्याकाळी रस्त्यावर चाला, जेवायला सगळ्यांबरोबर बसा, रात्री पांघरूण घेऊन झोपा. वाकणं, वजन उचलणं, अंग पिळणं यांना मात्र त्या दिवसांत बंदी असते, कारण तारा टाक्यांनी बांधलेल्या नसतात. अंघोळही नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. म्हणजे स्वयंपाक-धुण्याची परीक्षा ट्रायलमध्ये होणार नाही. चालणं, बसणं, झोपणं यांची होईल. तुम्हाला नेमक्या याच तीन गोष्टी हव्यात.

डॉक्टरांना सांगून मधला एखादा दिवस, निदान अर्धा दिवस, यंत्र बंद ठेवून बघा. काही यंत्रांचा परिणाम हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, म्हणून कधी आणि किती वेळ बंद ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या. बंद केल्यावर वहीतली रात्र बदलली नाही, तर तो निकाल महत्त्वाचा आहे. मनाला लागेल, तरी लिहून ठेवा. आणि शेवटच्या दिवशी, तारा काढताना, "मग तारीख घेऊ या ना?" असं कुणी विचारलं तर म्हणा, दोन आठवड्यांनी सांगते. तारा निघाल्यावर आग परत येईल. ती परत आल्यावर, वही समोर ठेवून, घरच्यांच्या नजरांपासून थोडं लांब बसून ठरवा.

ट्रायलमध्ये फरक पडला नाही, तर ते तुमचं अपयश नव्हे. माझ्या ओपीडीत लोक अशा वेळी रडले आहेत, "माझ्या नशिबात हेही नाही" म्हणाले आहेत. मला मात्र अशा वेळी सुटल्यासारखं वाटायचं. एक सुई आणि एक आठवडा, एवढ्यात मोठी चूक टळलेली असते.

आता मानसोपचारतज्ज्ञांची गोष्ट. तुम्हाला वाईट वाटलं हे मी समजू शकते. आपल्याकडे तिकडे पाठवणं म्हणजे "दुखणं तुमच्या डोक्यात आहे" असं म्हणण्यासारखंच ऐकू येतं. तुमचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल कुणालाही शंका नाही. ही तपासणी या यंत्राआधी जगभर करतात. सात वर्षं न झोपलेल्या माणसाला नैराश्य येतंच. ते उपचाराविना राहिलं तर चांगलं चालणारं यंत्रसुद्धा कमी चालतं. त्यांच्याकडून दोन गोष्टी मिळतात. झोप आणि मन यांवर काही इलाज बाकी आहे का ते कळतं, आणि तुमच्या अपेक्षा कागदावर येतात. डॉक्टरांनी पाठवताना हे दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, ते त्यांचं चुकलं. पण पाठवलं हे बरोबर केलं.

ट्रायलआधी आणखी काही गोष्टी तपासल्या आहेत ना, ते बघा. स्क्रू सैल झालेले नाहीत ना? नसेवर नवा दाब आलेला नाही ना? ताजा एमआरआय आणि पुढे-मागे वाकून काढलेले एक्स-रे यांतून ते कळतं. दुरुस्त करता येण्यासारखं काही असेल तर आधी ते. नसेल, आणि तरी कुणी तिसऱ्या ऑपरेशनचा आग्रह धरला, तर हेही लक्षात ठेवा की पुन्हा ऑपरेशन आणि यंत्र यांची थेट तुलना २००५ मध्ये झाली होती आणि त्यात यंत्र सरस ठरलं. साखर वाढलेली असेल तर ती आधी ताब्यात आणा, कारण आतल्या परक्या वस्तूला जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. आणि एक विचारते, रागावू नका. मशेरी लावत असाल तर ती आजपासून बंद. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या बायका मशेरीला तंबाखू समजतच नाहीत.

जमिनीबद्दल माझं मत कडक आहे. ट्रायल होऊन वहीनं हो म्हणेपर्यंत जमिनीला गिऱ्हाईक शोधू नका. व्यवहार ठरला की ट्रायलचा निकाल घरात आधीच लागलेला असतो. मग त्या काकांसारखे तुम्हीही सत्तर टक्के म्हणाल. हॉस्पिटलकडून तीन वेगळे आकडे लेखी मागा: ट्रायलचा खर्च, पक्क्या यंत्राचा खर्च आणि पुढे बॅटरी बदलण्याचा खर्च. तिसरा आकडा लोक विचारतच नाहीत. चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांत संपते आणि ती बदलायला पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं. चार्ज होणारी पुष्कळ जास्त वर्षं टिकते, पण सुरुवातीला महाग असते. तुम्ही जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहात. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीत हे यंत्र बसतं का आणि आधी कोणाची मंजुरी लागते, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात तोंडी न विचारता अर्ज देऊन विचारा. खाजगी विमा असेल तर कंपनीची पूर्वमंजुरी घ्या. या उत्तरांना महिना लागला तर लागू दे. हे ऑपरेशन तातडीचं नाही. मुलाच्या "लगेच कर" मागे माया आहे, पण तुम्हाला घाई करायचं कारण नाही.

आणखी एक प्रश्न, जो पुण्यात बसून सुचत नाही पण कराडला परत आल्यावर फार जाणवतो. यंत्राचं प्रोग्रॅमिंग कोण करणार? पहिल्या काही महिन्यांत ते तीन-चारदा तरी जुळवून घ्यावं लागतं, आणि हे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कंपनीचा माणूस करतो. तो कुठे भेटणार, त्याचे पैसे लागतात का, तो नोकरी सोडून गेला तर कोण येणार, हे आधीच विचारा. आयत्या वेळी एसटीनं पुण्याच्या फेऱ्या तुमच्याच पायाला माराव्या लागणार आहेत.

पक्कं बसवायचं ठरलंच, तर पाठीवर एक आणि कंबरेखाली बॅटरीसाठी एक असे दोन छोटे छेद असतात. बॅटरी कुठे बसवायची ते झोपलेल्या अवस्थेत ठरवू देऊ नका. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साडी नेसून जा. उभं राहून, बसून, परकराची नाडी कुठे येते ते दाखवा आणि तिथून लांब पेनानं खूण करून घ्या. तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता तेही सांगा. हे छोटं वाटतं, पण नाडीखाली आलेल्या बॅटरीपायी वर्षभर सोसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पुरुष सर्जनच्या हे ध्यानात येत नाही.

त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे महत्त्वाचे. तार जागेवर धरायला तेवढा वेळ लागतो, आणि तार सरकणं हा या यंत्राचा सगळ्यात नेहमीचा बिघाड आहे. वाकून केर काढायचा नाही. खाली बसून भाकऱ्या थापायच्या नाहीत. पाण्याची कळशी उचलायची नाही. हात डोक्याच्या वरही न्यायचा नाही, म्हणजे फळ्याच्या वरच्या टोकाला तारीख आणि सुविचार लिहायचा नाही. तो मुलांकडून लिहून घ्या. सुट्टी जमली तर उन्हाळ्याची गाठा. घरात तेवढे दिवस भाकऱ्या कोण करणार, हेही आधी ठरू द्या. यजमान जमीन विकायला तयार आहेत, तर दोन महिने भाकऱ्या थापायलाही तयार होतील अशी मला आशा आहे.

पुढच्या आयुष्यातली एक गोष्ट मी ठळक अक्षरांत लिहिली असती. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेक म्हणून शॉर्टवेव्ह डायथर्मी देतात. यंत्र अंगात असताना ती कधीही, शरीराच्या कुठल्याही भागावर घ्यायची नाही. तारेतून उष्णता मज्जारज्जूजवळ जाऊन जिवावर बेतू शकतं. गावाकडच्या दवाखान्यात तुम्हाला कुणी विचारणार नाही, तुम्हीच सांगायचं. यंत्राचं कार्ड कायम पर्समध्ये ठेवा, त्याचा फोटो मुलाच्या फोनमध्येही असू द्या. कोणतंही ऑपरेशन, एमआरआय, दाताचं मोठं काम असेल तर आधी कार्ड दाखवा. एमआरआय चालणारं यंत्र आहे का, कोणत्या अटींवर, हे निवडतानाच विचारा, कारण तुमच्या मणक्याला पुढे एमआरआय लागण्याची शक्यता बरीच आहे. मुंग्या जाणवणारं यंत्र असेल तर स्कूटी चालवताना ते बंद ठेवायचं. हालचाल बदलली की झटका वाढू शकतो आणि ब्रेकवरचा पाय दचकतो. मिक्सर, मोबाईल, टीव्ही यांची काळजी करू नका. चार्ज होणारी बॅटरी घेतलीत तर भारनियमनाचं वेळापत्रक लक्षात ठेवून चार्जिंगची वेळ ठरवा. काहींत ते रोज थोडा वेळ लागतं, काहींत आठवड्यातून एक-दोनदा जास्त वेळ. "मला ते रोज जमेल का?" हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. डोळे अधू असलेल्या, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी चार्जवाली बॅटरी सुचवत नसे. तुम्हाला जमेल.

यंत्र चाललं तर गोळ्या कमी करायच्या, पण एकदम बंद नाही. ट्रामाडॉल, प्रीगाबालिन आणि ड्युलोक्सेटिन अचानक थांबवली तर शरीर बंड करतं. आठवड्या-आठवड्यानं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं उतरवायची. आणि काही जणांमध्ये वर्षं उलटली की यंत्राचा असर ओसरतो, हेही आत्ताच माहीत असू द्या. हॉलंडमध्ये हातापायाच्या एका वेगळ्या पण याच जातीच्या दुखण्यावर अभ्यास झाला. तिथं तीन वर्षांनंतर यंत्रवाले आणि बिनयंत्रवाले यांच्यातला फरक पुसट झाला. तरी पाच वर्षांनी विचारल्यावर यंत्रवाल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसवू. मला या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. मधली ती झोपेची वर्षं माणसं विसरत नाहीत.

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे, त्यांना बाजूला सारू नका. त्यांना सांगा की ट्रायलमध्ये चीर नाही, फक्त सुई आहे. पक्कं बसवल्यावरही नको वाटलं तर यंत्र काढता येतं. काढायलाही ऑपरेशन लागतं, पण हाड कापलेलं नसतं. आधीची दोन ऑपरेशनं परत फिरवता येण्यासारखी नव्हती, हे फिरवता येतं. सात वर्षं त्यांनी तुम्हाला रात्री कण्हताना ऐकलं आहे. वही लिहिताना "काल किती वेळा उठले मी?" हे त्यांनाच विचारा. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याचा हिशेब तुमच्यापेक्षा अचूक निघेल.

राहिलं लोणंद ते तरडगाव. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, तारखेशिवाय. वाटेत चांदोबाचा लिंब येतो, तिथं माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला ही इच्छा फार आवडली, कारण ती मोजता येते. डॉक्टरांना "मला बरं वाटायला हवं" असं सांगू नका, "मला लोणंदहून चांदोबाच्या लिंबापर्यंत चालायचंय, दर अर्ध्या तासानं बसेन" असं सांगा. ट्रायलच्या सात दिवसांत तेवढं चालणं होणार नाही. पण पहिल्या दिवशी वेशीपर्यंत आणि सहाव्या दिवशी देवळापर्यंत, एवढं झालं तरी पुरे. तसं झालं नाही, तर औषधं नव्यानं जुळवणं, रोज थोडं चालणं वाढवत नेणारी फिजिओथेरपी आणि झोपेवरचा इलाज हे मार्ग उरतातच. रिंगण बघायला तिथवर गाडीनंही जाता येतं आणि शेवटचा टप्पा पायी घेता येतो.

ट्रायल झाल्यावर पत्र पाठवा. हो ठरलं किंवा नाही ठरलं, वहीतली ती तीन आठवड्यांची पानं त्याबरोबर जोडा.